इंधनाचा जमाखर्च : एका जुन्या मोटरहोमचे ट्यूनिंग

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या पाँटियाक शहरात जनरल मोटर्सच्या जीएमसी शाखेने १९७३ ते १९७८ या सालांत जे मोटरहोम बांधले, त्याला त्या देशाच्या वाहन-इतिहासात एक स्वतंत्र स्थान द्यावे लागते; कारण इतर बहुतेक कारखानदार मालट्रकची तयार चौकट विकत घेऊन तीवर घर चढवीत असताना या शाखेने गाडी आणि घर यांचा विचार एकत्रच केला, ओल्ड्समोबिल टोरोनाडो या मोटारीचे इंजिन आणि पुढची चाके फिरविणारी तिची यंत्रणा जशीच्या तशी उचलली, आणि त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा अजिबात नाहीसा होऊन घराची जमीन रस्त्याच्या पुष्कळ जवळ आणता आली. २३ आणि २६ फूट लांबीची अशी सुमारे १३ हजार वाहने तयार झाली, आणि अर्धशतक उलटल्यावरही त्यांतील पुष्कळ वाहने मालकांच्या निगराणीखाली रस्त्यावर आहेत. या वाहनांच्या पोटात सुरुवातीला ४५५ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ७.५ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन असे. १९७७ सालात त्याची जागा ४०३ घनइंचांच्या इंजिनाने घेतली. या प्रकरणात विचार करावयाचा आहे तो पहिल्या, थोरल्या इंजिनाचा. कारण त्याच्याविषयी जे सांगता येईल ते त्या काळच्या डॉज, फोर्ड किंवा शेव्हरोले इंजिनांवर चालणाऱ्या इतर मोटरहोमांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

भरल्या संसारासह पाच टनांहून अधिक वजनाचे हे घर ओढताना इंजिनाला गॅलनामागे आठ ते दहा मैल, म्हणजे लिटरमागे साधारण ३.४ ते ४.२ किलोमीटर, एवढीच मजल साधते. एवढ्या क्षुल्लक आकड्यांत सुधारणा करून काय मिळणार, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि त्याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. लिटरमागे १५ किलोमीटर देणारी छोटी मोटार सुधारून १८ किलोमीटर देऊ लागली, तर हजार किलोमीटरांत ११ लिटर पेट्रोल वाचते, परंतु ३.४ किलोमीटर देणारे मोटरहोम ४.२ वर आले, तर त्याच हजार किलोमीटरांत सुमारे ५६ लिटर वाचते. ज्या वाहनाचा खर्च मोठा, त्याच्या बाबतीत लहानशी काटकसरही मोठी रक्कम उभी करते. म्हणूनच जुन्या मोटरहोमच्या ट्यूनिंगवर घालविलेला दिवस कोणत्याही लहान मोटारीवर घालविलेल्या दिवसापेक्षा अधिक फळ देतो, असे माझे मत आहे.

हे पेट्रोल जाते कोठे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. ताशी ६० मैलांच्या वेगाने जाताना, लिटरमागे ४.२ किलोमीटर हा हिशेब धरला, तर तासाला सुमारे २३ लिटर पेट्रोल जळते. आणि लिटरभर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असल्यामुळे, इंजिनात शिरणारी ऊर्जा २०० किलोवॅटच्या आसपास भरते. यांतील जेमतेम चतुर्थांश चाकांच्या कामी येतो; उरलेला भाग रेडिएटरच्या पाण्यावाटे आणि धुराड्यावाटे उष्णतेच्या रूपाने निघून जातो, तर काही अंश घर्षणात आणि अर्धवट उघडलेल्या झडपेतून हवा ओढून घेण्याच्या श्रमात खर्ची पडतो. कारखान्यातून बाहेर पडताना जी मर्यादा होती तिच्या पलीकडे ट्यूनिंगने इंजिन नेता येत नाही, ही गोष्ट प्रथमच मान्य करावी. वयोमानाने, दुर्लक्षाने आणि अर्धवट दुरुस्त्यांनी त्या चतुर्थांशातला जो हिस्सा हरवला आहे, तो परत मिळविणे एवढाच ट्यूनिंगचा अधिकार आहे. पण हरवलेला हिस्सा पुष्कळदा एवढा असतो की तो परत आल्यावर मालकाला वाहन नवे झाल्याचा भास होतो.

कामाला हात घालण्यापूर्वी आजची स्थिती कागदावर उतरविणे अगत्याचे आहे, आणि नेमक्या याच पायरीला बहुतेक मालक फाटा देतात. टाकी काठोकाठ भरावी, ठराविक रस्त्याने दोनशे-तीनशे मैल जावे, त्याच पंपावर त्याच बाजूने गाडी उभी करून पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा, एवढीच ही रीत. परंतु तीत दोन फसगती दडलेल्या असतात. पहिली अशी की जुन्या वाहनाचे अंतरमापक यंत्र टायरांचा आकार बदलल्यामुळे खोटे बोलू लागलेले असते, सबब आंतरराज्य महामार्गाच्या कडेला प्रत्येक मैलावर जे पाट्यांचे खांब असतात त्यांच्याशी त्याची रुजुवात घालावी. दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. या वाहनात वीज निर्माण करण्यासाठी जो ओनान जनित्रसंच बसविलेला असतो, तो मुख्य टाकीतलेच पेट्रोल पितो. मुक्कामाच्या रात्री वातानुकूलनासाठी तो चालला असेल, तर त्याचा खर्च इंजिनाच्या नावे मांडला जातो आणि निरपराध कार्बोरेटर उघडला जातो. मोजणीच्या प्रवासात जनित्र बंद ठेवणे हाच यावर उपाय.

त्यानंतर इंजिनाच्या प्रकृतीची तपासणी. आठही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गरम इंजिनावर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सर्वांत कमी दाब सर्वांत जास्त दाबाच्या सत्तर टक्क्यांहून खाली असेल, तर त्या सिलिंडरच्या झडपा किंवा दट्ट्याच्या कड्या झिजलेल्या आहेत, आणि अशा इंजिनाला ट्यूनिंगची नव्हे, ओव्हरहॉलची गरज आहे. दाब सर्वत्र समाधानकारक निघाला म्हणजे मॅनिफोल्डला निर्वातमापक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत व्हॅक्यूम गेज, जोडावा. स्वस्थ इंजिन जागच्या जागी मंद फिरत असता समुद्रसपाटीवर या मापकाचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर निश्चल उभा राहतो. काटा स्थिर पण खाली असेल तर ठिणगी उशिरा पडत असावी किंवा कोठून तरी हवा आत गळत असावी, आणि काटा नियमितपणे झटके देत असेल तर एखादी झडप नीट बसत नसावी. इतक्या अल्प किमतीत इतकी साक्ष देणारे दुसरे हत्यार मोटार-दुरुस्तीच्या शास्त्रात नाही. हवा गळत असेल तर ब्रेकच्या सहायकाकडे, हीटरच्या नियंत्रणाकडे आणि इतरत्र जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबून पाहाव्या. पन्नास वर्षांत रबर कडक होऊन तडकते, आणि अशी एक तडकलेली नळी कार्बोरेटरचा सगळा बंदोबस्त उधळून लावते.

आता ज्वलन. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगी पडताच एकदम भडकत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि तिला काही मिलिसेकंद लागतात. हे वाहन ताशी ६० मैल जात असता इंजिन मिनिटाला साधारण २१०० फेरे करते, म्हणजे एका मिलिसेकंदात त्याचा दांडा साडेबारा अंश फिरतो. यावरून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी बरीच आधी का पाडावी लागते, हे ध्यानात यावे. शिवाय ही आगाऊ मुदत कायमची एकच असून भागत नाही. फेरे वाढले की ती वाढली पाहिजे. हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील फिरती वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात. भार हलका असला, थ्रॉटल थोडाच उघडा असला, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते आणि ते अधिक सावकाश जळते. तेव्हा मुदत आणखी वाढवून चाळीस अंशांच्या घरात न्यावी लागते, आणि हे काम मॅनिफोल्डच्या निर्वातावर चालणाऱ्या एका पातळ पडद्याकडे सोपविलेले असते. हा पडदा फाटला तर गाडी चालते, चढही चढते, कोठेही तक्रार करीत नाही. फक्त सपाट रस्त्यावरच्या प्रत्येक मैलाला थोडे जास्त पेट्रोल घेते. मूक दोष तो हाच. त्याच्या नळीला तोंडाने ओढून पाहिले आणि आतील पट्टी हलून तेथेच राहिली, तर पडदा शाबूत आहे असे समजावे. फिरती वजने गंजून जागीच अडकलेली असणे हाही या वयाच्या डिस्ट्रिब्यूटरचा नित्याचा रोग आहे. टाइमिंग लाइटच्या प्रकाशात हळूहळू फेरे वाढवीत खूण सरकते की नाही हे पाहिल्याखेरीज तो कळत नाही.

१९७५ पूर्वीच्या वाहनांत ठिणगीचा प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट करीत. मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी धावत असताना ज्यांनी कानशीने पॉइंट घासून आणि पात्याने गॅप लावून इंजिनाची मिस घालविली आहे, त्यांना येथील काम परिचित वाटेल. फरक इतकाच की जनरल मोटर्सच्या या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला एक लहान खिडकी असते आणि तिच्यातून षट्कोनी किल्ली घालून इंजिन चालू असतानाच पॉइंटचा काळ तीस अंशांवर आणता येतो. पॉइंटचा घासणारा तुकडा झिजत गेला की गॅप कमी होते आणि त्याबरोबर ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून आधी पॉइंट आणि मग टाइमिंग, हा क्रम कधीही उलटा करू नये. १९७५ पासून कंपनीने पॉइंट रद्द करून अधिक दाबाची इलेक्ट्रॉनिक ठिणगी आणली, आणि जुन्या इंजिनांवरही ती बसविता येते. हा बदल करण्यास मी निःसंकोच अनुकूल आहे, कारण त्यामुळे झिजण्याचा प्रश्नच मिटतो.

टाइमिंग लावताना या इंजिनाच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्या. त्याच्या पुढच्या बाजूला जी कंपनशामक चकती असते, तिचे बाहेरचे कडे रबरावर बसविलेले असते. रबर जुने झाले की कडे घसरते आणि त्यावरील खूण खोटी ठरते. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या खरोखर माथ्यावर आणून खूण जुळते की नाही याची खात्री न करता लावलेले टाइमिंग म्हणजे अंदाजपंचे कारभार. दुसरी खोड कॅमशाफ्टच्या चक्राची : त्याचे दात नायलॉनने मढविलेले असत, ते कालांतराने ठिसूळ होऊन तुटतात आणि साखळी ढिली पडते. मुख्य दांडा हाताने मागेपुढे फिरवून डिस्ट्रिब्यूटरचा रोटर किती उशिरा हलू लागतो हे पाहिले की ढिलाईचा अंदाज येतो. ढिलाई फार असेल तर झडपांचा उघडमिटीचा काळच मागे पडलेला असतो, आणि मग बाहेरून कितीही टाइमिंग लावले तरी हाती काही लागत नाही. हे सर्व निर्वेध झाल्यावर, अमेरिकेत ८७ ऑक्टेनचे जे साधे पेट्रोल मिळते त्यावर, चढावर खटखट ऐकू येणार नाही इतपत मुदत पुढे न्यावी आणि तेथे थांबावे. भारी वाहनात ही खटखट दट्ट्याला भोके पाडू शकते.

कार्बोरेटरची पाळी सर्वांत शेवटी, आणि येथे ओल्ड्समोबिलच्या अभियंत्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. त्यांनी निवडलेला रॉचेस्टर क्वाड्राजेट हा चार नळ्यांचा कार्बोरेटर आहे. त्याच्या पुढच्या दोन नळ्या मुद्दाम अरुंद आणि मागच्या दोन चांगल्याच रुंद ठेवलेल्या असतात. सामान्य प्रवासात फक्त अरुंद नळ्यांतून हवा जाते, तिचा वेग त्यामुळे चांगला राहतो आणि पेट्रोलाचे कण बारीक होतात; चढावर पाय दाबला की रुंद नळ्या उघडून इंजिनाला हवे तेवढे खाद्य मिळते. अरुंद नळ्यांच्या जेटांमध्ये निमुळत्या सळ्या खाली-वर होत असतात. मॅनिफोल्डमध्ये निर्वात भरपूर असला की एक लहान दट्ट्या या सळ्यांना खाली ओढून धरतो आणि मिश्रण काटकसरीचे राहते. निर्वात पडला, म्हणजे इंजिनावर भार आला, की स्प्रिंग त्यांना वर उचलते आणि पेट्रोल वाढते. हा दट्ट्या चिकट गाळाने वरच अडकून राहिला तर वाहन सपाट रस्त्यावरही सदैव चढ चढत असल्यासारखे पेट्रोल पीत राहते. कार्बोरेटर उघडल्यावर पहिली नजर याच दट्ट्याकडे जावी.

दुसरी नजर फ्लोटकडे. तो सच्छिद्र कृत्रिम द्रव्याचा असतो, वर्षानुवर्षे पेट्रोलात राहून त्यात पेट्रोल मुरते, तो जड होतो, आणि त्यामुळे वाडग्यातील पातळी वाढून मिश्रण गरजेहून अधिक समृद्ध बनते. डोळ्यांना तो अगदी नव्यासारखा दिसतो, तेव्हा त्याचे वजन करून पाहावे किंवा सरळ नवाच घालावा. तिसरा दोष वाडग्याच्या तळाशी असलेल्या बुचांचा : ती झिरपू लागली की इंजिन बंद असतानाही पेट्रोल ठिबकत मॅनिफोल्डमध्ये उतरते, सकाळी वाहन सुरू व्हायला त्रास देते, आणि मालक बिचारा चोकला दोष देत बसतो. ही बुचे इपॉक्सीने बंद करण्याची रीत जाणत्या कारागिरांत रूढ आहे. पेट्रोलच्या पंपाचा पडदाही याच वेळी तपासावा. तो फाटल्यास पेट्रोल इंजिनाच्या तेलात मिसळते, आणि तेल तपासण्याच्या पट्टीला येणारा वास त्याची खबर देतो.

मिश्रणाच्या प्रमाणाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त शक्ती साडेबारा-तेरा भागांवर मिळते, तर हलक्या भारावरची काटकसर सोळा भागांच्या आसपास साधते. यावरून काही उत्साही मालक लहान जेट घालून मिश्रण सर्वच प्रसंगी विरळ करतात. हा मार्ग धोक्याचा आहे. पाच टनांचे वाहन चढावर नेताना विरळ मिश्रण ज्वलनाचे तपमान वाढविते, निष्कास-झडपा जळतात, आणि वाचविलेल्या पेट्रोलाच्या कित्येक पट रक्कम इंजिनाच्या दुरुस्तीत जाते. काटकसर सळ्यांच्या वरच्या, जाड भागात शोधावी. भाराच्या वेळचे पेट्रोल इंजिनाच्या जिवाचे रक्षण करीत असते, त्याला हात लावू नये. धुराड्यात प्राणवायूचे प्रमाण मोजणारी संवेदक नळी बसविण्याची सोय आता आहे, आणि ज्याला जेट बदलावयाचेच आहेत त्याने तिच्या साक्षीवाचून ते बदलू नयेत. ती नसेल तर लांबच्या प्रवासानंतर प्लग काढून पाहावे : फिकट तपकिरी रंग समाधानाचा, काजळी जास्त पेट्रोलाची, आणि पांढरी, फोड आलेली चिनीमाती विरळ मिश्रणाची व अतिरेकी उष्णतेची.

इंजिनाबाहेरच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. तापते म्हणून कोणी तरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर तो परत घालावा, कारण थंड इंजिन पेट्रोल नीट बाष्परूप करू शकत नाही. रेडिएटरचा पंखा सदैव गुंतलेला राहून गर्जना करीत असेल तर त्याचा क्लच बदलावा. प्रवासानंतर चाकांचे मध्यभाग हाताने चाचपून एखादे अकारण गरम लागते का ते पाहावे, लागल्यास तेथील ब्रेक धरून राहिला आहे. टायरांतील हवा वजनाच्या मानाने पुरी ठेवावी. पाण्याची टाकी प्रवासात भरून नेण्यापेक्षा मुक्कामाजवळ भरली तर दीडशे लिटरमागे दीडशे किलो वजन ओढणे वाचते. आजच्या अमेरिकन पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असते व त्यामुळे ऊर्जा सुमारे तीन टक्के कमी भरते, हेही जुन्या आकड्यांशी तुलना करताना विसरू नये. पेट्रोलच्या नळीवर बांधावयाची लोहचुंबके आणि तत्सम चमत्कारिक साधने मात्र दाराबाहेर ठेवावी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरांहून अधिक साधने तपासली, आणि लक्षणीय बचत करणारे एकही त्यांत आढळले नाही.

एवढे झाल्यावर उरतो तो वेग, आणि त्याचा वाटा इतर साऱ्यांहून मोठा आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली, आणि २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. जीएमसीचे हे वाहन त्या वेळी बाजारात येऊन फार काळ झाला नव्हता. हा कायदा लोकांना जाचक वाटला आणि १९९५ मध्ये तो पूर्णपणे उठविण्यात आला, पण त्यामागचे पदार्थविज्ञान कोणत्याही विधिमंडळाला उठविता येण्यासारखे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ५५ ऐवजी ६५ मैलांनी गेल्यास तो विरोध चाळीस टक्क्यांनी वाढतो, आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती पासष्ट टक्क्यांनी. दोन मीटरांहून रुंद आणि उंच पुढा असलेल्या वाहनाला हा भुर्दंड विशेष जाणवतो.

निर्वातमापक काम संपल्यावर काढून न ठेवता त्याची नळी चालकाच्या समोर आणून कायमची बसवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सपाट रस्त्यावर काटा दहा-बारा इंचांच्या वर राहील इतकाच पाय ठेवला, तर कार्बोरेटरच्या सळ्या खालीच राहतात. काटा पाच-सहा इंचांवर घसरला की समजावे, समृद्ध मिश्रणाचा अंमल सुरू झाला. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर, जेथे रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीला पोहोचतो, काटा मुळातच कमी आकडा दाखवील, कारण तेथील हवाच विरळ आहे. त्याच कारणाने कार्बोरेटरचे मिश्रणही आपोआप समृद्ध होते आणि इंजिन जड वाटू लागते. अशा वेळी पाय अधिक दाबल्याने फक्त पेट्रोल वाढते, शक्ती जवळजवळ वाढत नाही. खालचा गियर घ्यावा, फेरे वाढू द्यावे, ट्रकांसाठी राखलेल्या उजव्या पट्टीत यावे आणि पाण्याच्या तपमानाच्या काट्यावर नजर ठेवून ताशी पस्तीस-चाळीस मैलांनी चढ पार करावा. पलीकडच्या उतारावरही तोच खालचा गियर ठेवला म्हणजे ब्रेकवर ताण येत नाही, आणि थ्रॉटल मिटलेला असल्यामुळे मापकाचा काटा पुन्हा वर सरकतो.